आबांच्या सावलीला शिंगं

आमच्या घरावर इटलीचं राज्य होतं, हे आधीच सांगून टाकते. भावसिंगपुऱ्याच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं सारवलेलं अंगण, एवढाच आमचा मुलूख. पण त्यावर हुकूम चालायचा माझ्या आजोबांचा, म्हणजे आबांचा, आणि आबा हुकूम सोडायचे ते इटलीच्या भाषेत. पहाटे अंगणात उभे राहून ते खणखणीत आवाजात मोजायचे, "ऊनो, दूए, त्रे, क्वात्रो!" ऊनो म्हणजे माझा थोरला भाऊ, दूए म्हणजे धाकटा आणि त्रे म्हणजे मी. चादरीतून डोकं बाहेर काढून हात वर केला की हजेरी लागायची. वडील पहाटेच कामावर गेलेले असायचे, म्हणून क्वात्रो हा आकडा आईचा होता, पण आईनं जन्मात कधी हात वर केला नाही. ती चुलीपुढून ओरडायची, "मामंजी, क्वात्रोचा चहा उकळलाय. मोजणं झालं असंल तर घ्या." तेवढ्यात नळावरच्या हंड्यांची आदळआपट सुरू व्हायची, पलीकडच्या मशिदीची बांग संपायची, कुणाचा तरी रेडिओ खरखरायला लागायचा. जगातल्या साऱ्या घरांत दिवस असाच सुरू होतो, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

इटली स्वयंपाकघरातही घुसलेली होती. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका खाटांवर धोतरं अंथरून शेवया वाळत घालायच्या, आणि त्या शेवयांचं पुढं काय करायचं याबद्दल साऱ्या गल्लीचं एकमत होतं: दूध आणि गूळ. आबांना ते नामंजूर होतं. त्यांना शेवया हव्यात त्या उकडून, पाणी काढून टाकून, वर लाल टमाट्याचा लसूण घातलेला रस्सा आणि त्यावर ठेचा. "इटलीत हेच खात्यात," असं म्हणून ते ताट पुढं ओढायचे. आई पदरानं घाम पुसत म्हणायची, "शेवयांना फोडणी घालणारं औरंगाबादेत हे एकच घर हाय. लोकं नावं ठेवतील." आबा शेवयांचं टोक तोंडात ओढत शांतपणे म्हणायचे, "ठेवू दे. लोकांनी इटली बघितली का?" आता माझी भाची गारखेड्याच्या एका चकाचक दुकानात याच पदार्थाला सिनेमाच्या तिकिटाहून जास्त पैसे मोजते आणि मला विचारते, "आत्या, तू कधी खाल्लंयस का गं असं?" मी डोळे मोठे करून नाही म्हणते. तिचा आनंद मी कशाला घालवू?

पुराव्यादाखल घरात एक फोटो होता. चुलीच्या धुरानं पिवळा पडलेला, जाड काळ्या लाकडी चौकटीत बसवलेला. त्यात आबा तरणेबांड, खाकी शर्ट आणि खाकी हाफपँट घातलेले. त्यांच्या डाव्या अंगाला दोन गोरे, दोघंही मनापासून हसतायत. पाठीमागं एक छोटंसं पांढरं चर्च, वर क्रॉस, दारात एका बाईचा पुतळा. आबांचा उजवा हात चौकटीच्या लाकडाखाली गेलेला होता, आणि त्या हातात बंदूक आहे यावर घरात कुणालाच शंका नव्हती. दोन गोऱ्यांपैकी पेत्रू कुठला, एवढाच काय तो वाद होता. कारण पेत्रू हा आबांच्या साऱ्या गोष्टींचा नायक. पेत्रू कशाला घाबरायचा नाही. पेत्रूनं आबांना दोनदा मरणातून ओढून आणलं. पेत्रू आजारी पडला तेव्हा आबा तीन रात्री त्याच्या उशाशी बसून होते. आई म्हणायची पेत्रू म्हणजे मिशीवाला. मी म्हणायची दुसरा, कारण तो दिसायला जास्त चांगला होता. आबांना विचारलं की ते फोटोकडं बघून गालात हसायचे आणि म्हणायचे, "दिसंल, दिसंल." आणि गोष्टीच्या शेवटी मांडीवर थाप मारून ठरलेलं वाक्य यायचं, "सुजे, ध्यानात ठेव. आख्ख्या इटलीला तुझ्या आबानं पाणी पाजलंय!"

आता इटलीला पाणी पाजणाऱ्या माणसाची नात शाळेत गप्प बसेल का? मी ही लढाई मधल्या सुट्टीत तोफांच्या आवाजासकट लढत असे. बाकावर चढून मी आबा व्हायची, फळ्याशी उभ्या असलेल्या दोन मुली इटली व्हायच्या आणि दर खेपेला हरायच्या. कधी पेत्रूला माझ्या मांडीवर मरण यायचं, मग मैत्रिणींच्या आग्रहाखातर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचा. दहावीत जाईपर्यंत आमच्या भागात ही लढाई ठाऊक नसलेलं माणूस उरलं नव्हतं.

त्या वर्षी गल्लीतल्या तरुण पोरांनी ठरवलं, की दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेलेल्या जुन्या माणसांचा समाजमंदिरात सत्कार करायचा. अशी जुनी माणसं आमच्या गल्लीत मोजून एक होती. आबांचा फोटो दोन हात मोठा करून व्यासपीठावर लावायचा, मी माइकवर त्यांची ओळख करून द्यायची, आणि शाल द्यायला गारखेड्याचे एक सुभेदारसाहेब येणार. हे सुभेदारसाहेब आधी आफ्रिकेत आणि मग खुद्द इटलीत लढलेले. मला वाटलं होतं आबा आढेवेढे घेतील. पण फोटो मोठा करायचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. स्वतः उठून त्यांनी चौकट खिळ्यावरून काढली, माझ्या हातात दिली आणि चारदा बजावलं, "चौकटीतून काढून दे. सगळा मोठा कराय सांग. काठासकट. काय?" मी "हो" म्हटलं. काठाचं एवढं काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला माझं भाषण सुचत होतं.

अंगणात बसून मी चौकटीचे खिळे उचकटले आणि फोटो बाहेर काढला. लाकडाखाली दोन बोटं रुंदीची पट्टी इतकी वर्षं झाकलेली होती. ती नवीच्या नवी, चकचकीत राहिली होती. त्या पट्टीत एक बैल होता. बैलाचं डोकं, शिंगं, वशिंड, गळ्यात घुंगरांचा पट्टा. आबांच्या उजव्या हातात बंदूक नव्हतीच, बैलाची वेसण होती. मी अजून डोळे चोळतेय तोवर शेजारचे काशिनाथकाका तंबाखू मळत येऊन खांद्यावरून वाकले. काकांचं सारं आयुष्य जनावरांच्या बाजारात दलालीत गेलेलं. माणूस ओळखायला त्यांना वेळ लागायचा, बैल लांबून ओळखायचे.

"ह्यो देवणी कुणाचा गं?"

"कुठला देवणी? काका, हा इटलीतला बैल आहे."

"व्हय का? मंग ही इटली उदगीरच्या अलीकडं हाय का पलीकडं?"

"मागं चर्च दिसत नाही का तुम्हाला?"

"चर्च असंल की. चर्च कुठंबी बांधतंय माणूस. पर बैल आपला हाय." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि करंगळीनं दाखवलं. "नीट बघ. अंग पांढरंफटक, तोंड तेवढं काळं, कान लोंबतं. ह्याला वानेरा म्हणत्यात. असली हजार जनावरं ह्या हातानं इकलीत म्या. ह्यो कधी बोटीत बसला नाय बघ." मग ते मांडीवर थाप मारून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "काय गं सुजे, इटलीच्या बैलाला कडबा घालत्यात का शेवया? रविवारी म्या पहिल्या रांगंत बसनार. सुभेदार काय म्हणतोय बघू की!"

काका गेले. फोटो इटलीतला नाही, हे बैलांच्या दलालाला दोन मिनिटांत कळलं. मग ज्यानं इटलीत वर्षं काढली त्या सुभेदाराला कळायला किती वेळ लागणार? भरल्या सभेत तो म्हणणार, हा म्हातारा खोटा आहे. मग आबा नळावर, दुकानात, बुद्धवंदनेला कुठल्या तोंडानं जाणार? आणि ही लढाई गावभर वाजवली कुणी? मीच की. तुम्ही म्हणाल, सरळ आबांनाच विचारायचं होतं. आज मीही तेच म्हणते. पण ज्यानं गोष्ट दिली त्यालाच "ही खरी का" असं विचारायला जो धीर लागतो तो तेव्हा माझ्यात नव्हता. आणि मनातलं सांगायचं तर मला धास्ती होती, की आबा खरं सांगतील.

म्हणून मी वडिलांच्या दाढीच्या सामानातलं ब्लेड घेतलं, शाळेची पट्टी फोटोवर धरली आणि बैल कापला. मनगटापासून सरळ. तोवर त्या फोटोत खोटं असं काही नव्हतं. ते मी आणलं. बैल फेकवेना, म्हणून तो कंपासपेटीत ठेवला आणि सायकल काढून गुलमंडीच्या फोटो स्टुडिओत गेले.

स्टुडिओ रऊफचाचांचा. त्यांनी फोटो काचेच्या दिव्यावर धरला, भिंगातून बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"बेटा, ये किनारा ताजा कटेला है. कायकू काटी?"

"फाटला होता, चाचा."

"ब्लेड से फटा?" ते हसले नाहीत, पण त्यांची दाढी हसली. "काटी तो काटी. इधर देख. धूप कटे बाजू से आरी. जिसकू काटी उसका साया इधरीच रह गया."

मी भिंगाला डोळा लावला. ऊन बैलाच्या बाजूनं येत होतं. बैलाच्या डोक्याची सावली आबांच्या पायाशी त्यांच्याच सावलीत मिसळलेली होती. बैल गेला होता, शिंगं राहिली होती. आता फोटोत आबा हसत उभे होते आणि त्यांच्या सावलीला दोन ऐटबाज शिंगं होती.

"तुम्हारे दादा कू सिंग हैं क्या?" चाचांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"ब्रशनं काढता नाही येणार?"

"क्यों नई आता? मगर चार दिन होना. तेरेकू तो परसों होना बोली. जाने दे बेटा, साये कू कौन देखता."

रविवारी समाजमंदिर खच्चून भरलं. आईनं ठेवणीतलं पातळ काढलं होतं. आबांनी कांजी केलेला पांढरा सदरा आणि निळा फेटा. ते अधूनमधून व्यासपीठावरच्या झाकलेल्या फोटोकडं बघत होते आणि शेजारच्या माणसाला सांगत होते, "पेत्रू दिसनार आज. समद्यांला दिसनार." पहिल्या रांगेत काशिनाथकाका, कबूल केल्याप्रमाणं. सुभेदारसाहेब आले: ताठ कणा, पांढऱ्या मिशा, छातीवर पदकं. "जयभीम" झालं, हार झाले, आणि मी माइक हातात घेतला. माझं मलाच सांगायला हवं, की मी त्या दिवशी फार सुंदर बोलले. इटलीचे डोंगर, तोफांचा धूर, पेत्रूचं शौर्य. शेवटी हात वर करून मी गर्जले, "आणि माझ्या आबांनी आख्ख्या इटलीला पाणी पाजलं!" टाळ्यांच्या कडकडाटात पोरांनी फोटोवरचं कापड ओढलं.

सुभेदारसाहेब उठून फोटोजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला लागेपर्यंत वाकले. "ही सावली शिंगाची कशी?" त्यांचा आवाज पलटणीतला, माइकची गरज नव्हती.

काशिनाथकाकांनी रुमाल तोंडात घातला. मी अजून माइकपाशीच उभी होते आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "ती शत्रूच्या टोपीची सावली आहे."

"पोरी," सुभेदार म्हणाले, "दोन वर्षं लढलो त्या मुलखात. शत्रूला शिंगं असत्यात हे ठाव नव्हतं."

हसण्याची एक लाट मागच्या रांगेतून निघाली आणि पुढं येता येता थांबली, कारण आबा उठले होते. ते सावकाश फोटोपाशी गेले. त्यांनी सुभेदाराकडं बघितलं नाही, सभेकडं बघितलं नाही. फोटोच्या कापलेल्या काठावर, आपला हात जिथं मनगटाशी तुटला होता तिथं, त्यांनी बोट ठेवलं.

"सुजे, पेत्रू कुठंय?"

मी त्या दोन गोऱ्यांकडं बोट केलं. मिशीवाला, दुसरा, जो हवा तो घ्या.

"ह्ये न्हवं गं. ह्यांची नावं आता मला आठवंना झालीत. पेत्रू! माझा बैल!"

आईनं कपाळावर हात मारला. तो आवाज मला व्यासपीठावर ऐकू आला. बारा वर्षं ती मिशीवाल्याच्या बाजूनं भांडत होती.

आबांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि तो वेसणीसारखा मुठीत धरला. "म्या कधी म्हणलं का, इटलीला गेलो म्हणून? म्या कुठंच गेलो नाय. इटलीच माझ्याकडं आलती. लढाईत धरलेले इटलीचे कैदी इकडं माळावर तारंच्या आत ठिवले होते. हजारानं होते. बिचाऱ्यांनी गावाच्या आठवणीनं चर्चबी बांधलं, मातीचं आन चुन्याचं. त्यांला पाणी न्यायला बैलगाडीवर टाकी. गाडी हाकायला म्या, वढायला पेत्रू. नाव त्यांनीच ठिवलं. रोज मोजून पाणी द्यायचं. म्हणून ते आकडे."

त्यांनी माइक दुसऱ्या मुठीत घेतला आणि फोटोतल्या दोन गोऱ्यांकडं बोट केलं.

"पयल्या दिवशी ह्ये दोघं गाडीपुढं आले आन वाकून वंजळ केली. म्या बघतच राह्यलो. गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. आमीच वाड्यापुढं वाकायचो, वंजळ करायचो, आन ते वरनं वतायचे. माझा बाप तसाच वाकायचा. आन हितं वरनं वतनारा म्या. हात उचलंना माझा. म्या खुणंनं सांगितलं, वंजळ नको. डबा आना. तिथनं पुढं माझ्या गाडीवर कुनी वंजळ केली नाय." मग त्यांच्या डोळ्यांत नेहमीची खोड आली आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आख्ख्या इटलीला पाणी पाजलं का नाय मंग? ह्यात खोटं काय हाय?"

"पण आबा," मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मी इतकी वर्षं लढाई सांगत होते. तुम्ही बोलला का नाही?"

"तू इतकं झ्याक सांगायचीस. मधी कशाला तोंड घालू?"

सभेत हशा फुटला. लोक हसत होते, पण ज्या हसण्याला मी तीन दिवस घाबरले होते ते हे नव्हतं. काशिनाथकाका तर डोळे पुसत होते. हसून की कशानं, त्यांनाच ठाऊक. सुभेदारसाहेब मात्र हसले नाहीत. ते आबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आफ्रिकंच्या वाळूत आमी त्यांला धरून बोटीत भरायचो. दोन दिवसाचे तान्हेले असायचे. पुढं त्यांला पाणी कोन पाजत असंल, ह्यो इचार माझ्या डोस्क्यात कधी आला नाय." मग त्यांनी शाल उलगडून आबांच्या खांद्यावर टाकली आणि स्वतःची खुर्ची आबांच्या खुर्चीला भिडवून बसले. पुढं तासभर ते दोघं इटलीच्या भाषेत शंभरपर्यंत मोजत होते. मोजत आबा होते. सुभेदारांना तीनच्या पुढं येत नव्हतं.

पण त्याआधी आबांनी मला फर्मान सोडलं, "त्रे! पळ. बैल घेऊन ये."

मी पळाले. भर सभेतून, गल्लीतून, हातातल्या काचेच्या बांगड्या वाजवत घरी, कंपासपेटी उघडून परत. बैल माझ्या मुठीत घामेजला होता, कर्कटकाचं टोक लागून त्याच्या वशिंडाला भोक पडलं होतं. आबांनी तो तळहातावर घेतला, फुंकर मारली, आणि मोठ्या केलेल्या फोटोच्या चौकटीत, तुटलेल्या हाताशेजारी, काचेच्या फटीत खोचून दिला.

तो तिथंच आहे. फोटो आता माझ्या घरात, बाहेरच्या खोलीत टांगलेला असतो. आबा हातभर उंच, दोन गोरे हातभर उंच, चर्च खिडकीएवढं, आणि या सगळ्यांशेजारी आगपेटीच्या आकाराचा एक बैल. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढं थबकतो. परवा भाचीचा एक मित्र आला होता, संगणकावर फोटोंचं काही काम करतो म्हणे. त्यानं मान तिरकी करून दोन मिनिटं बघितलं आणि जाणकारासारखा म्हणाला, "आत्या, हा बैल नंतर चिकटवलाय. बाकी फोटो खरा वाटतो."

"उलट आहे बाळा," मी म्हटलं. "बैल आहे तेवढाच आहे. बाकीच्यांना आम्ही मोठं केलंय."